गुप्तहेर वज्रधर आणि आमचं टिपाड

ज्या वर्षी आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं, त्या वर्षी मला एकशे सात रहस्यकथा तोंडपाठ होत्या.

बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव परंड्यापासून आठ मैलांवर. विहिरीत पोहरा सोडला की खालून खडखड आवाज यायचा. वर आलेल्या पोहऱ्यात कधीमधी एखादा बेडूक असायचा आणि तोही आमच्याकडंच आशेनं बघायचा! मी मॅट्रिक पास (तिसऱ्या झटक्यात), म्हणून रस्त्याच्या दुष्काळी कामावर मला हजेरी कारकून नेमलं होतं. बाकीचे खडी फोडायचे, मी फोडणाऱ्यांची नावं लिहायचो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा हजेरी घेतली की मधले सात तास मी आणि माझी छत्री, दोघंही रिकामे. त्या सात तासांत मी गुप्तहेर वज्रधर वाचायचो.

वज्रधर म्हणजे काय माणूस होता! काळा कोट, घारे डोळे, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. दर महिन्याला त्याचं नवं पुस्तक निघायचं. आमच्या एसटीचा कंडक्टर ते कुर्डुवाडी स्टेशनवरून आणून द्यायचा. एकशे सातच्या एकशे सात पुस्तकांत गुन्हेगार ठरलेला असायचा: जो चहा घेऊन येतो तो. कधी नोकर, कधी मावशी, एकदा तर साक्षात न्यायाधीश (त्यानं स्वतःच्या हातानं चहा केला होता, तिथंच सापडला). हे मला दुसऱ्या पुस्तकातच कळलं होतं. तरीसुद्धा उरलेल्या एकशे पाच पुस्तकांत शेवटच्या पानापर्यंत माझ्या छातीत धडधडत राहिलं!

दुपारच्या सुट्टीत लोक कामावर मिळणारी सरकारी सुखडी खात बसले की मी त्यांना आधी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि लगेच वज्रधर. दोन्ही एकाच ठसक्यात. त्यातलं एक खरं आणि एक रचलेलं, हे सांगायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. (पुढं कधीतरी सांगितलं, तेव्हा लोकांनी विचारलं, "मंग ह्यातलं रचलेलं कंचं?")

त्याच वर्षी आमच्या गावच्या सोसायटीला पंचवीस वर्षं पुरी झाली. चेअरमन निवृत्तीराव कार्यक्रमाचा विचार करायला बसले. कुस्त्या ठेवाव्यात तर हौदातली माती भिजवायला पाणी लागणार. नाटक आणावं तर नाटकवाले दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसणार. भजनी मंडळ म्हणजे पन्नास माणसांचा स्वयंपाक.

"करमणूक पायजे," चेअरमन म्हणाले, "पर बिनपान्याची!"

चेअरमन स्वतः वज्रधरचे भक्त होते. सोसायटीच्या बैठकीत ते मांडीखाली वज्रधर धरून ठराव मंजूर करायचे. त्यांनी एका झटक्यात जाहीर केलं: वज्रधर ज्ञान स्पर्धा! पंचक्रोशीला खुली. एका घरातल्या तिघांचा एक गट, प्रश्न पाळीपाळीनं, आणि घरच्यांनी कुजबुज केली तर गुण कापणार. परीक्षक म्हणून खुद्द लेखक, रहस्यकथाकार निंबर्गीकर येणार! आणि बक्षीस, लोखंडी टिपाड.

टिपाड म्हणजे डांबराचं मोठं पिंप असतं ना, तसलंच. पण नवं कोरं, दोनशे लिटरचं, वर झाकण आणि खाली तोटी. पिंपाला तोटी! आमच्या भागात तोटी त्याआधी फक्त टँकरला बघितलेली.

मी घरी येऊन ही बातमी बायकोला, म्हणजे कलाला, सांगितली. मी निंबर्गीकरांपासून सुरुवात केली, ती टिपाडापाशी जागी झाली.

"काय म्हणालात? टिपाड?"

"अगं, निंबर्गीकर येणार आहेत! साक्षात!"

"त्ये येऊ द्यात. टिपाडाला झाकण हाय का?"

कलाचंही खरं होतं. टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा आणि पाऊण तासात रिकामा व्हायचा. ज्याच्या दारात टिपाड, त्याचं पाणी. आमच्याकडं दोन घागरी, एक बादली आणि एक कळशी होती. तीही गळकी. कला चौकात रांगेत उभी राहायची, आणि मी शेजारी उभा राहून तिला वज्रधरची गोष्ट सांगायचो. (मदत म्हणून. तिनं कधी तशी नोंद घेतली नाही.)

"आपुन टिपाड आणायचं," ती म्हणाली. "तिसरं कोन?"

घरात तिसरे फक्त अण्णा. माझे वडील. अण्णांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. त्यांची तक्रार एकच होती, हौश्या. हौश्या हा त्यांचा बैल दोन वर्षांपूर्वी परंड्याच्या बाजारातून चोरीला गेला होता. अण्णा तीनदा पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. तिसऱ्या खेपेला जमादारानं विचारलं होतं, "बैलाचा फोटो हाय का?" तेव्हापासून अण्णांचा सरकारवरचा विश्वास उडाला होता.

"म्या न्हाय येनार," अण्णा म्हणाले. "पोरखेळ त्यो."

आणि इथं मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागात पडलेली थाप मारली.

"अण्णा, वज्रधर साहेब स्वतः येणारेत."

अण्णांनी चिलीम खाली ठेवली.

"त्यो? तू वाचून दावतूस त्यो? राणीचा हार हुडकून दिला त्यो?"

"तोच."

"मंग हौश्या काय त्येला जड हाय का!"

अण्णा उठले, मुंडासं बांधलं आणि गटात दाखल झाले. मी खूश. पण मुंडासं बांधून ते थेट पारावर गेले, ते काही माझ्या ध्यानात आलं नाही.

मग तालीम सुरू झाली. कलाचं काम सोपं होतं. ती सहावीपर्यंत शिकलेली, पण रांगेत उभ्या उभ्या ऐकलेलं अक्षर न् अक्षर तिच्या डोक्यात बसलेलं. वज्रधरच्या टोपीचा रंग, मोटारीचा नंबर, त्याच्या आत्याचं गाव, सगळं. मला राग यायचा तो ती ह्या सगळ्याचं उत्तर ज्वारी पाखडता पाखडता द्यायची याचा. मला प्रत्येक उत्तराआधी डोळे मिटावे लागायचे.

अण्णांचं मात्र अवघड होतं.

"अण्णा, वज्रधरच्या कुत्र्याचं नाव काय?"

"दुष्काळात कुत्रं कशाला पाळलंय त्येनं? पानी कुठनं पाजतो?"

"नाव सांगा, अण्णा. बारूद."

"कुत्र्याचं नाव बारूद आसतंय व्हय!"

"बरं, वज्रधर विलायतेला कशानं गेला?"

"यष्टीनं."

"विमानानं, अण्णा! विमानानं!"

"कुर्डुवाडीपत्तोर तरी यष्टीनंच गेला आसंल की!"

आठ दिवस झाले, माझा घसा बसला, अण्णा जिथल्या तिथं. शेवटी कलानंच तोड काढली.

"मामंजी, तुमी एकच उत्तर ध्यानात ठेवा," ती पदर सावरून म्हणाली. "काय बी इचारलं तर म्हना, जो च्या आनतो त्यो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग हे आदी सांगायचं की! हा भाड्या आठ दिस बारूद बारूद करतोय."

स्पर्धेचा दिवस उजाडला. सोसायटीचं गोदाम झाडून घेतलेलं (खताला त्या वर्षी कोण विचारतंय, ते रिकामंच होतं). पुढं स्टेज म्हणून चार टेबलं जोडलेली, आणि टेबलांच्या मागं, लाल कापडानं झाकलेलं, ते टिपाड! कापडाखालून त्याचा नुसता आकार दिसत होता, तरी बायका हात जोडायच्या बेतात होत्या. सोसायटीचा शिपाई नामदेव त्याच्या शेजारी राखणीला उभा होता. कुणी जवळ आलं की ओरडायचा, "लांबनं बगा! लांबनं!"

दहाच्या एसटीतून निंबर्गीकर उतरले, आणि माझा उत्साह जरा खालीच आला. मला वाटलं होतं वज्रधरचा बाप म्हणजे तसाच कोणीतरी दांडगा असेल. उतरले ते पाच फुटी गृहस्थ. धोतर, काळा कोट, हातात पिशवी आणि कानाला मफलर, तोही भर उन्हात! आमच्या चौकातलं एक मरतुकडं कुत्रं त्यांच्याकडं बघून भुंकलं, तेव्हा एकशे सात खुन्यांना फासावर चढवणारा हा माणूस कंडक्टरच्या मागं लपला.

पण लोकांनी फक्त काळा कोट बघितला.

चौकात शे-दीडशे माणूस आधीच जमलं होतं. मला वाटलं, वा, काय हे साहित्यप्रेम! तेवढ्यात अण्णा गर्दीच्या पुढं आले, लेखकांना खाली वाकून रामराम घातला आणि मागं वळून ओरडले,

"सांगितलं व्हतं का न्हाय? आले बगा! आता एकेकानं या. आदी माझा बैल!"

मग माझ्या लक्षात आलं. अण्णा आठ दिवस पारावर बसून नंबर लावत होते! एका म्हातारीची शेळी हरवली होती. एकाच्या इंजिनाचा फूटव्हॉल्व गेला होता. एकाचा जावई मुंबईला जातो म्हणून जो गेला होता तो परत आला नव्हता. (जावयाची बायको मात्र मागून ओरडत होती, "ऱ्हाऊ द्या त्येला तिकडंच!") सगळे एकदम बोलत होते, आणि मध्ये निंबर्गीकर पिशवी छातीशी धरून उभे.

"हे लोक काय म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं.

"वाचक आहेत," मी म्हणालो. "तुमचे फार प्रेमी आहेत."

"पण या बाई मला शेळीचं वय का सांगतायत?"

चेअरमननी कसंबसं त्यांना ओढून गोदामात आणलं आणि स्पर्धा सुरू केली. दुपारपर्यंत सहा गट गळाले. राहिले दोन: आम्ही, आणि शेजारगावचे देशमाने मास्तर, त्यांच्या बाई आणि त्यांचे थोरले बंधू. मास्तर म्हणजे एक नंबरचे पक्के. सगळी वज्रधर पुस्तकं कापडी पिशवीत घालून बरोबरच घेऊन आलेले, प्रत्येकाला खाकी कव्हर!

चेअरमन चिठ्ठी काढायचे आणि वकिलासारखा आवाज लावून विचारायचे. कलाला विचारलं,

"वज्रधर कोणत्या हातानं दाढी करतो?"

"करत न्हाय. नोकर करतो. पुस्तक बारावं."

टाळ्या! मला अभिमान वाटला, पण "पान अठ्ठावीस" हे तिनं सांगायला हवं होतं असंही वाटलं. मग अण्णांची पाळी आली.

"'मेणबत्ती विझली कशी?' या पुस्तकात जहागीरदाराचा खून कोणी केला?"

अण्णा उभे राहिले. छाती पुढं काढली.

"जो च्या आनतो त्यानं!"

"बरोबर!"

दुसऱ्या फेरीत, "वज्रधरला रोज पहाटे जाग कशानं येते?"

"जो च्या आनतो त्यानं!"

"बरोबर! गडी चहा घेऊन दार वाजवतो!"

लोकांनी मुंडाशी उडवली. अण्णा आता इतके रंगात आले होते की त्यांनी देशमान्यांच्या बाईंना विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकलं. तिसऱ्या फेरीत मात्र चेअरमननी वज्रधरच्या बंगल्याचं नाव विचारलं. अण्णांनी तेच उत्तर दिलं, आणि दोन्ही घरांचे गुण बरोबरीत आले. एक प्रश्न उरला, आणि तो मला!

कला टिपाडाकडं बघत होती. मी डोळे मिटले.

"वज्रधरच्या कोणत्या खांद्यावर गोळीची खूण आहे?"

मला हसू आलं. एवढं सोपं!

"डाव्या," मी म्हणालो.

चेअरमननी चिठ्ठी बघितली, मग निंबर्गीकरांकडं बघितलं. निंबर्गीकर खेदानं म्हणाले, "उजव्या."

इथं कोणताही शहाणा माणूस "असं का, बरं" म्हणून खाली बसला असता.

"डाव्या!" मी म्हणालो. "पुस्तक एकतिसावं, 'सातव्या जिन्यावरचा पाय', पान चौसष्ट, खालून चौथी ओळ!"

"अहो, पण मी लिहिलंय ते!" निंबर्गीकर म्हणाले.

"लिहिलंय तुम्ही, पण वाचलंय मी!"

गोदामात कुजबुज झाली. कलानं मागून माझा सदरा ओढला. "बसा की वो खाली!" पण मी आता थांबतो कसला! मी स्टेजवर चढलो आणि निंबर्गीकरांना त्यांच्याच पुस्तकाबद्दल समजावून सांगायला लागलो. चालू पुस्तकातलं मी दहा मिनिटांत आटोपलं. मग म्हटलं, आलोच आहे तर बाकीच्याही चुका सांगून टाकाव्यात. एकोणिसाव्यात मेलेली आत्या चोविसाव्यात लोणचं घालते. चाळिसाव्यात वज्रधर एकाच आठवड्यात दोन रविवारी फिरायला जातो. निंबर्गीकर रुमालानं घाम पुसत होते.

देशमाने मास्तरांनी शांतपणे पिशवीतून एकतिसावं पुस्तक काढलं आणि चेअरमनना दिलं. चेअरमननी वाचलं. पान चौसष्ट, डावा खांदा! मी दोन्ही हात वर केले. मग मास्तर म्हणाले, "आता पान एक्क्याण्णव बघा." पान एक्क्याण्णववर उजवा खांदा.

"म्हणजे दोन गोळ्या लागल्या!" मी ओरडलो.

"छापखान्याची चूक," निंबर्गीकर पुटपुटले. आणि मग क्षीण आवाजात म्हणाले, "मला जरा चहा मिळेल का?"

नामदेव शिपाई धावत गेला आणि ताटलीत अर्धा कप चहा घेऊन आला. (दुष्काळात पाहुण्याला अर्धा आणि अध्यक्षाला पाव, असा नियम होता.) तो स्टेजची पायरी चढतोय न चढतोय तोच अण्णा उठले. सकाळपासून ते बैलासाठी थांबले होते. आता त्यांचा धीर सुटला.

"सायेब!" ते गरजले. "खांदा मरू द्या! ह्यो बगा च्या आनला ह्येनं! धरा ह्येला!"

सगळं गोदाम नामदेवकडं बघायला लागलं. दीडशे माणसं, आणि दीडशेच्या दीडशे माणसांना वज्रधरचा नियम पाठ! नामदेव पायरीवर जागच्या जागी थिजला. ताटलीतला कप किणकिण वाजायला लागला.

निंबर्गीकरांना काय वाटलं कोण जाणे. बहुतेक थट्टा करून वातावरण हलकं करावं असं वाटलं असेल. त्यांनी हसून बोट दाखवलं आणि म्हणाले,

"हं! हाच तो!"

कप फुटला. नामदेवनं त्यांचे पाय धरले.

"चुकलं सायेब! पर म्या चोरी न्हाय केली! चार दिसांनी आनून ठेवनारच व्हतो!"

"काय आणून ठेवणार होतास?" चेअरमननी विचारलं.

"टिपाड!"

चेअरमननी लाल कापड ओढलं. खाली दोन डालगी होती, एकावर एक उपडी ठेवलेली, कोंबड्या झाकायची. वरच्या डालग्याला शोभेसाठी नामदेवनं झेंडूची माळसुद्धा घातली होती! खरं टिपाड गोदामामागं त्याच्या घरात होतं, सकाळच्या टँकरनं काठोकाठ भरलेलं.

आणि सगळ्यात जास्त कुणी घाबरलं असेल तर ते निंबर्गीकर. एकशे सात पुस्तकं लिहून झाली होती, पण खराखुरा गुन्हेगार त्यांनी पहिल्यांदाच पकडला होता!

मग जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. ज्यांना सकाळी जरा शंका होती त्यांची शंका फिटली. "नुस्तं बोट दावलं अन् कबूल झाला!" शेळीवाली म्हातारी स्टेजवर चढली. फूटव्हॉल्ववाला संशयितांनाच दंडाला धरून घेऊन आला आणि म्हणाला, "सायेब, ह्या चौघांवर एकेकदा बोट फिरवा." घाबरून चौघांतल्या एकानं तर बोट फिरायच्या आधीच तीन वर्षांपूर्वीची कोंबडी कबूल केली. ती कुणी मागितलीही नव्हती! त्यातच कुणीतरी निंबर्गीकरांसाठी कौतुकानं आणखी एक चहा आणला, आणि दारातच अर्ध्या गावानं त्याला धरलं.

मी निंबर्गीकरांचा हात धरला आणि गोदामाच्या मागच्या खिडकीतून त्यांना बाहेर काढलं. त्यांचं धोतर खिळ्याला अडकलं. "असा प्रसंग तुमच्या त्रेपन्नाव्यात आहे," मी त्यांना धीर द्यायला म्हणालो. त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मला अजून आठवतं.

पाचच्या एसटीपर्यंत त्यांना आमच्या घरात लपवलं. दाराला आतून कडी. बाहेर माणसं. आणि आत अण्णा! अण्णा कधी आले, कुठून आले, देव जाणे. ते निंबर्गीकरांच्या समोर मांडी घालून बसले.

"सायेब, आता निवांत सांगतो."

मी मध्ये पडणार होतो. अण्णांना खरं सांगून टाकावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण निंबर्गीकरांनीच मला हातानं थांबवलं. पिशवीतून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि म्हणाले, "सांगा. रंग कोणता होता?"

अण्णा सांगत गेले. हौश्याचा रंग, डाव्या शिंगाला पडलेली चीर, पोळ्याला त्याला पुरणपोळी कशी आवडायची, पाऊस येणार असला की तो आधी कान कसे हलवायचा. तासभर सांगितलं. निंबर्गीकर लिहीत राहिले, मध्ये मध्ये विचारत राहिले. शेवटी अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"सापडंल न सापडंल," ते म्हणाले, "पर दोन वरसात लिहून घेनारे तुमी पयले."

हौश्या काही सापडला नाही. पण अण्णांनी त्यानंतर ठाण्याचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात कला आली. मला वाटलं, टिपाड डोक्यावर घेऊनच आली असेल. ती हात हलवत आली होती.

"टिपाड कुठंय?" मी विचारलं.

"नामदेवच्या घरी."

"म्हणजे देशमान्यांनी नेलं नाही?"

"त्येंच्या बाई अन् मी दोघी गेलतो तिथं. नामदेवची बायको आठ दिसांची बाळंतीन हाय. बाळाची दुपटी धुवायला पानी न्हाय घरात. म्हनून नेलं त्येनं. चेअरमन म्हनले, टिपाड दोघींचं हाय, तुमीच ठरवा. आमी ठरवलं, ऱ्हाऊ द्या तिथंच. नामदेवला बी कुनी काय बोलायचं न्हाय."

"दोघींचं? आणि खांद्याचा निकाल?"

"कसला खांदा?"

"अगं, डावा का उजवा! ते चेअरमननी जाहीर केलं का नाही? माझं पान चौसष्ट आधी येतं! आधी जे छापलंय तेच धरायला पाहिजे!"

कलानं माझ्याकडं बघितलं. मग निंबर्गीकरांकडं बघितलं. निंबर्गीकरांनीही तिच्याकडं बघितलं. दोघांचं माझ्याबद्दल त्या क्षणी पूर्ण एकमत झालं, हे मला तेव्हा कळलं नाही.

"तुमचा खांदा घाला चुलीत!" कला म्हणाली आणि घागर उचलून बाहेर गेली.

एसटीत चढताना निंबर्गीकरांनी मला मुद्दाम जवळ बोलावलं.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"सुधाकर. दुष्काळी कामावर हजेरी कारकून."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. मी महिनाभर हवेत चालत होतो!

महिना भरला आणि कंडक्टरनं एकशे आठवं पुस्तक आणून दिलं. मी ते कामावर, दुपारच्या सुट्टीत, सगळ्यांसमोरच उघडलं. जोरात वाचायला लागलो. पहिल्या पानावर एक दुष्काळी गाव. दुसऱ्या पानावर त्या गावातला सुधाकर नावाचा हजेरी कारकून! मी थांबलो, सगळ्यांकडं बघितलं, चष्मा पुसला. लोक सरकून जवळ आले. मी आवाज आणखी वाढवला आणि पान उलटलं.

तिसऱ्या पानावर माझा खून होतो.

वज्रधर येतो. गावात चौकशी करतो. आणि एकशे आठ पुस्तकांत पहिल्यांदाच प्रकरण अर्ध्यावर सोडून निघून जातो, कारण, पुस्तकात लिहिलं होतं, "गावातील प्रत्येक व्यक्तीजवळ सबळ कारण होते." पुढची दीडशे पानं दुसऱ्याच एका दरोड्याची.

खडी फोडणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "ह्ये मातर रचलेलं वाटत न्हाय." संध्याकाळी कलानं ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाली, "लई अभ्यास करून लिहितात वो हे!"

मला फार लागलं. मी त्याच दिवशी निंबर्गीकरांना पत्र टाकलं. खुनाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण पान तीनवर मी मेलेला असताना पान सातवर मीच चष्मा पुसताना दिसतो. ही ढोबळ चूक आहे, कृपया दुरुस्त करावी.

त्यांचं उलट टपाली कार्ड आलं. एकच ओळ होती:

"चूक मान्य. पुढील आवृत्तीत आपणास पान एकवरच मारू."